पहिली पोळी हंसाची

हंस चित्रातच बरा, हे माझं ठाम मत. आमच्या दुबईच्या वसाहतीतल्या तळ्यावर एक जोडी होती. तिचे फोटो काढायला सगळे, आणि घाण धुवायला भानुदास. तळं, बाग, पंप, सगळं त्याच्याच गळ्यात. माझा सहकारी आणि स्टाफ क्वार्टरमधला शेजारी. स्वस्थ बसणं त्याला मुळात ठाऊकच नव्हतं. जानेवारीत मादीने काठावर पाच अंडी घातली, तेव्हापासून तर जेवतानाही त्याचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर.

नर मात्र भलताच माजला होता. हातात पिशवी दिसली की माणसाच्या अंगावर यायचा. कोणीतरी त्याला खायला घालतंय, हे उघड होतं. भानुदासने तीन भाषांत पाट्या लावल्या, रखवालदारांना झापलं, माझ्यावरही संशय घेतला. मग एका सकाळी हंसाने शाळेला निघालेल्या, वसाहतीतल्या छोट्या अर्शचा डबा ओढला. पोरगं पडलं, हनुवटीला चार टाके.

मॅनेजर हाफिजा मॅडमनी सांगून टाकलं, "खिलानेवाला मिल गया तो ठीक. नहीं तो गुरुवार को नर जाएगा, खलास."

नर गेला म्हणजे अंडीही गेलीच. मांजरं टपलेली होती.

भानुदासने कॅमेरे तपासले. सकाळी सहा वाजता, गाउनवर ओढणी घेऊन हंसाला पोळी भरवत होती त्याची बायको, प्रमिला.

त्या संध्याकाळचं भांडण भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"पहिली पोळी गायीची असते," प्रमिला रडत म्हणाली. "इथे गाय कुठून आणू? म्हटलं, सरस्वतीचं वाहन आहे, त्याला देऊ."

"तुझ्या वाहनाने पोराची हनुवटी फोडली! आता नाव सांगितलं तर माझी पोस्ट जाईल, कळतंय?"

"जस्ट टेल देम, बाबा," मुलगी अवनी म्हणाली. तिला काय जातंय सांगायला!

पुढचे दोन दिवस भानुदास बूट घालायचा, ऑफिसच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

गुरुवारी हाफिजा मॅडमसोबत जाळं घेऊन दोन माणसं आली. नर अंड्यांपुढे पंख पसरून उभा राहिला. जाळं उचललं तरी हटेना.

"रुको!" भानुदास धावत सुटला. "खिलानेवाली मेरी बीवी है, मॅडम. मैंने छुपाया."

नर राहिला. भानुदासची बदली उम्म अल कुवैनच्या गोदामात झाली, क्वार्टर सुटलं, अवनीची शाळाही.

सामान चढवून झाल्यावर तो तळ्यावर निरोप घ्यायला गेला. मीही सोबत होतो. हंस फुत्कारत आला आणि त्याच्या मांडीला कडकडून चावला.

"कृतघ्न मेला!" मी दगड उचलला.

भानुदासने माझा हात धरला. मांडी चोळत म्हणाला, "असू दे रे. मागे अंडी आहेत त्याची."