पुण्याला गेलेलं वांगं

१९९७ च्या मे महिन्याच्या अखेरीस जळगावच्या एका छापखान्यात भरताच्या वांग्याच्या बियाण्याचे पाकीट जांभळे निघाले.

खानदेशात भरताचे वांगे हिरवे असते, त्यावर पांढऱ्या रेघा असतात. जांभळे वांगे रश्श्यात घालतात. शेतकरी पाकीट घेतो ते चित्र पाहून. वरची अक्षरे तो घरी गेल्यावर वाचतो. पाकीट धुळ्याच्या एका बियाणेवाल्या शेठचे होते. घराणे मूळचे राजस्थानचे, पण धुळ्यात तिसरी पिढी. आजवर ते दुसऱ्यांचे बियाणे विकत. स्वतःच्या नावाचे हे पहिलेच. मृगाआधीच्या शिंदखेड्याच्या बाजारात ते मांडायचे ठरले होते. तो बाजार चुकला की शेतकरी दुसऱ्याचे बी घेऊन रोप टाकणार आणि शेठचे बी वर्षभर पोत्यात राहणार.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी त्या छापखान्यात संगणकावर बसत असे. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छपाई चार शायांची: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. एका पद्धतीतले चित्र दुसरीत न्यावे लागते. जळगावात तेव्हा ते कोणी करत नसे. फाईल पुण्याला जाई, तिथले दुकान रंग बदलून दर शाईची एक अशा चार फिल्म आणि एक रंगीत नमुना पाठवी.

नमुना पाहून मशीनवरचे नाना म्हणाले, "बठ्ठं जांभयं करी टाकं त्यानी!"

पुण्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज समाधानी होता.

"तुमची फाईल प्रकाशाच्या रंगात होती. शाईत नेली की रंग बिघडतात, रोजचंच आहे. वांगं चक्क हिरवं झालेलं. मी दोन तास बसून सरळ केलं."

नमुना पाहायला धुळ्याहून आलेल्या शेठनी फोन हिसकावला. "अहो, ते सरळच होतं!"

"हिरवं वांगं?"

"मग काय पिवळं असतं?"

"शेठ, मी पुण्यात चाळीस वर्षं वांगी खातोय."

"चुकीची खाताय!"

सगळा छापखाना फोनभोवती जमला होता. शेवटी पुण्याच्या माणसाने अट घातली: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हिरवे करणार नाही. पुन्हा चुकले तर खापर त्याच्यावर नको.

भरताच्या वांग्यांचा हंगाम संपला होता. शेठ स्कूटर काढून एरंडोलकडे गेले. तिकडे विहिरीच्या पाण्यावर त्यांच्या एका गिऱ्हाइकाची थोडी झाडे उभी होती. दुपारी ते परत आले, ते गळ्यातल्या उपरण्यात पाच वांगी बांधून. टेबलावर वांगी मांडली गेली आणि मुलगी पाहायला आल्यासारखे सगळे खुर्च्या ओढून बसले. एकाचे देठ वाकडे निघाले. एक फारच बुटके. एकावर डाग होता, तो नानांनी बोटाने पुसून पाहिला, गेला नाही. चौथ्याच्या रेघा एकाच बाजूला. पाचवे मंजूर झाले.

शेठनी ते उचलून पडद्यावरच्या चित्राशेजारी धरले. पडद्यावरचे हिरवे विजेच्या दिव्यासारखे झगमगत होते. हातातले फिकट, शांत. चित्र पसंत करताना शेठनी "हाच रंग, असाच चमकता," असे बजावले होते.

"वांगं आजारी दिसतंय," शेठ म्हणाले.

"नही शेठ," नाना म्हणाले, "कंप्युटरले ताप येल शे."

शेठना इतके हसू आले की त्यांनी टेबल धरले. मग डोळे पुसत त्यांनी चमकता रंग रद्द केला. तसाही तो शाईत उतरणार नव्हता.

वांगे कापसात गुंडाळून मिठाईच्या खोक्यात ठेवले. पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने खोके हलवून पाहिले.

"काय आहे?"

"वांगं."

"एकच? पुण्यात मिळत नाही का?"

"तिकडे जांभळी मिळतात," शेठ म्हणाले. "याला खिडकीशी बसवा."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. "हे वांगं आहे? मला दोडका वाटला." मात्र त्याने काम चोख केले. वांगे पडद्याशेजारी ठेवून त्याने फाईल शाईच्या रंगात नेली आणि मग हिरवा जमवला: पिवळी भरपूर, निळी बेताची, गुलाबी नावापुरती.

फिल्म निघाल्याचा निरोप आल्यावर नानांना आठवले की छापताना रंग ताडायला खरे वांगे लागेल. उरलेली चार छापखान्यामागे आदल्या दिवशीच कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजली गेली होती. कांद्याची पात, मिरची आणि शेंगदाणे घालून भरीत झाले होते. सर्वात जास्त शेठनी खाल्ले होते. त्यांनी पुन्हा पुण्याला फोन लावला.

"वांगं आहे का?"

"आहे. घरी नेलं होतं. बायको म्हणाली, कच्चं आहे, पिकू दे."

"हात लावू नका! गाडीत बसवा!"

फिल्मसोबत वांगे परत आले. थोडे सुरकुतले होते, देठ वाळले होते. नानांनी ते मशीनपाशी, छापलेला कागद येऊन पडतो तिथे, कापसावर ठेवले. मशीन एका वेळी एकच शाई लावणारे. पिवळीनंतर चित्रातले वांगे लिंबासारखे दिसले आणि शेठ बाहेर जाऊन उभे राहिले. गुलाबीनंतर त्यांना कोणी बोलावले नाही. निळी चढली तेव्हा नानांनी हाक मारली. शेठनी ओला कागद दोन बोटांत धरून वांग्याशेजारी आणला, मान तिरपी केली, चष्मा काढला, परत घातला.

"सुरकुत्या तेवढ्या नाहीत," ते म्हणाले. "चालेल."

काळी चढली. पाकिटे चिकटवून, बी भरून वेळेत शिंदखेड्याला पोहोचली. बाजाराच्या दिवशी मी शेठच्या मांडणीशेजारी होतो. पहिल्या शेतकऱ्याने पाकीट उचलले, चित्र उन्हात धरले आणि विचारले, "हाई भरीतनं शे का?"

शेठ म्हणाले, "शे."

त्याने दोन घेतली.