सोलबोर्गच्या गाडीला वजन हवं होतं

आमच्या पोहण्याच्या तलावावर साबण फुकट मिळतो आणि मत तर मागावंही लागत नाही. मी रान्वेग, इथली राखणदारीण. शिट्टी गळ्यात घालून एकोणीस वर्षं झाली. सकाळी सातला मी दार उघडते, म्हातारी मंडळी अंग धुऊन चाळीस अंशांच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसतात आणि सरकार, हवामान, कुणाची सून, कुणाचा गुडघा, सगळ्यांचा निकाल लावून टाकतात. गेल्या वसंतात मात्र दोन महिने दुसरा विषयच नव्हता. सोलबोर्गने नवऱ्याची व्होल्वो कापली होती.

सोलबोर्ग म्हणजे पुलापलीकडच्या उतारावरच्या शेतावर राहते ती. वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्यापर्यंत, मेंढ्या शंभर, आणि ट्रॅक्टर मोडला तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी स्वतःच वेल्डिंगचा मुखवटा चढवणारी. पण गावात ती ओळखली जाते ती स्वयंपाकीण म्हणून. दर सप्टेंबरात आमचे बावीस घोडेस्वार डोंगरात जातात आणि उन्हाळाभर मोकाट सुटलेल्या मेंढ्या गोळा करून आणतात. पाच दिवस वरच्या झोपडीत मुक्काम असतो, आणि सत्तावीस वर्षं त्या झोपडीतली चूल सोलबोर्गची होती. ती आणि तिची पातेली जीपमधून जायची, जीप एयोल्फुर चालवायचा. दोन वर्षांपूर्वी एयोल्फुर गेला. त्याच हिवाळ्यात जीपचा पत्रा इतका गंजला की दार उघडायला गेलं तर दारच हातात यायचं.

त्यानंतरच्या ऑगस्टच्या सभेत थोरग्रीमुर उभा राहिला. हा आमचा डोंगरराजा, म्हणजे मेंढ्यांच्या मोहिमेचा म्होरक्या. मनाने वाईट नाही, पण त्याला सगळं तोंडभर गोड बोलून करायचं असतं.

"सोलबोर्ग, तू खूप केलंस गं आमच्यासाठी," तो म्हणाला. "आता आराम कर. पुढच्या वर्षीपासून शहरातून डबे मागवू. प्रत्येकाचा वेगळा, वर झाकण."

"झाकण!" सोलबोर्ग म्हणाली. "आणि नदी ओलांडून कोण आणणार? पोस्टमन?"

"बचाव पथकाचा ट्रक आणेल. नाहीतर तुझी पातेली तरी कोण नेणार? गाडी कुठाय तुझ्याकडे?"

"गाडी असली तर?"

थोरग्रीमुर हसला. "स्वतःच्या चाकांवर नदीपार आलीस तर चूल तुझी. अगदी मरेपर्यंत तुझी."

भर सभेत बोलून बसला मेला. त्याला काय ठाऊक, बाई घरी जाऊन त्याच रात्री फूटपट्टी घेऊन गोठ्यात शिरणार आहे ते.

गोठ्यात एयोल्फुरची व्होल्वो होती. सन सहासष्टची, आकाशी रंगाची, क्रोम इतका लखलखीत की त्यात बघून दाढी करावी. वर्षातून एकदा, सतरा जूनला, आमच्या स्वातंत्र्यदिनी ती बाहेर निघायची, चर्चपर्यंत जायची आणि परत यायची. बाकी वर्षभर एयोल्फुर तिला पुसत असायचा. सोलबोर्गने हिवाळाभर काम केलं. जीपचा गंजका पत्रा उतरवला, खालचा सांगाडा आणि इंजिन ठेवलं, आणि त्यावर व्होल्वोचं आकाशी अंग बसवलं. टायर लावले माझ्या छातीपर्यंत येणारे, हिमनदीवर चालणाऱ्या गाड्यांचे. ते मावेनात म्हणून चाकांवरचे चारही गोल पत्रे कापले. आत चढायला दूध काढायचं स्टूल लागायचं. वाहन तपासणी केंद्रातल्या पोराने गाडीभोवती तीन चकरा मारल्या, खाली वाकला, वर बघितलं, तासभर चालवून आणली आणि पास करून विचारलं, "मला एक देशील का करून?"

एवढा एकटा सोडला तर गावात कौतुक करणारं कुणी नव्हतं.

सगळ्यात मोठा आवाज ब्यार्तमारचा. हा आमच्या खाडीतल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, माणूस एकशे तीस किलोचा. कुंडात उतरला की पाणी काठावरून वाहतं आणि मला फरशी पुसावी लागते.

"खून आहे हा खून!" तो म्हणाला. "अख्ख्या देशात तसल्या किती उरल्यात? आणि हिने करवत घातली! मी त्या मढ्यात पाय ठेवणार नाही. कधीच नाही!"

"एयोल्फुरच्या आत्म्याला काय वाटत असेल," पाद्री म्हणाला. त्याला असले प्रश्न विचारायची सवयच आहे, उत्तर कधी देत नाही.

मी तरी कुठे शहाणी होते? काठावर उभी राहून मीच म्हटलं होतं, "गाडी कसली, म्हशीला लग्नाचा मुकुट घातलाय." सगळे खो खो हसले, आणि मला मोठं बरं वाटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेवढ्यात मागे सोलबोर्ग उभी. टॉवेल खांद्यावर, अंग धुऊन आलेली. कुंडात उतरली, ब्यार्तमारच्या अगदी समोर बसली.

"एयोल्फुरने ती गाडी पंचवीस वर्षं पुसली," ती म्हणाली. "मला तिच्यातून चर्चच्या पुढे एक मैल नेलं नाही. त्याच्या आत्म्याला विचारायचं असेल तर चर्चमागे जा, तिथेच आहे. जिवंतपणी उत्तर देत नव्हता, आता देतो का बघा."

ब्यार्तमार म्हणाला, "अगं पण त्याची आठवण म्हणून तरी..."

"आठवण मला पुरून उरलीये रे. माणसं पुरत नाहीत. घरी मी एकटीसाठी एक बटाटा उकडते. एक! त्याला काय स्वयंपाक म्हणतात? सत्तावीस वर्षं बावीस माणसांचं केलंय, हात तसेच वळतात, पातेलं तेवढंच मोठं निघतं, आणि मग आठवडाभर तेच सूप कुत्र्यापुढे. कुत्रंसुद्धा माझ्याकडे बघून उसासे टाकतं. ही चूल गेली ना, तर मी उरलेले दिवस भिंतीकडे बघत जेवणार आहे. म्हणून कापली गाडी. आता बोला."

मग आपल्या लोकांना गप्प बसवत नाही म्हणून सगळे एकदम सल्ला द्यायला लागले. गाडी कापल्याचं दुःख गेलं, आता नदीत ती बुडणार कशी याची चर्चा सुरू झाली. जीपचा सांगाडा जड, वर व्होल्वोचं अंग, वर पातेली! हलकी कर, हलकी कर. बर्फावर हलकी गाडीच तरते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मागची सीट काढ. हीटर काढ. जादा चाक काढ. मी म्हटलं, बंपर काढ. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे सोलबोर्गचं आयुष्यभराचं धोरण. पण भीती माणसाला कुणाचंही ऐकायला लावते. तेवढ्या एका बाबतीत तिने आमचं सगळं ऐकलं.

सप्टेंबर आला. घोडेस्वार पहाटे पुढे गेले. बटाटे सोलायला म्हणून मी सोलबोर्गबरोबर निघाले, पुढच्या सीटवर, मांडीवर राय धान्याच्या भाकरीची टोपली. गाडीत मटण, सलगम, गाजरं, दोन पोती बटाटे, कॉफी आणि ती अवाढव्य पातेली. खरं सांगते, वर बसल्यावर मला माझ्या म्हशीच्या विनोदाची लाज वाटली. काय दिसत होतं वरून! दगडगोट्यांवरून गाडी झुलत झुलत चालली होती आणि सोलबोर्ग गात होती.

नदीवर पोचलो तर अलीकडच्या काठावर अख्खं कुंड हजर. आपापल्या साध्या गाड्या घेऊन, जिथवर रस्ता तिथवर आलेले, लोकरी स्वेटर, थर्मास, तपकिरीच्या डब्या. बाई बुडताना बघायला आले होते, दुसरं काय! पलीकडे थोरग्रीमुर घोड्यावर बसून वाट बघत होता. त्याच्या हातात फोन होता, शहरातल्या डब्यांसाठी.

सोलबोर्गने टायरची हवा थोडी उतरवली, वरचा प्रवाह पाहिला, आणि घातली गाडी पाण्यात. दहा हात गेलो. पंधरा हात गेलो. मग माझ्या बुडाखाली कसंतरीच झालं. खडखडाट थांबला. चाकं फिरतायत, इंजिन ओरडतंय, आणि गाडी शांतपणे, एखाद्या बदकीसारखी, नदीच्या मर्जीने आडवी फिरायला लागली.

"सोलबोर्ग! बुडतोय आपण!"

"बुडतोय कुठे, बये! तरंगतोय!"

हवा भरलेले चार भोपळे आणि वर हलकी गाडी, ती तरंगणार नाही तर काय करणार? देवाची कृपा की साठ हात खाली अलीकडच्याच काठाला रेतीचा उंचवटा होता. तिथे चाकं टेकली आणि सोलबोर्गने गाडी वर काढली. मंडळी धावत आली.

"मी म्हटलंच होतं..." ब्यार्तमारने सुरुवात केली.

सोलबोर्ग वरून तशीच उडी मारून खाली उतरली, स्टुलाची वाट न बघता. "काय म्हटलं होतंस? हलकी कर म्हटलं होतंस! सगळ्यांनी म्हटलं होतं! माझी सीट काढली, हीटर काढला, आणि आता काय, शीड लावू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं का भीतीचं ते तिचं तिला ठाऊक. पलीकडे थोरग्रीमुरने फोन कानाला लावलेला दिसत होता.

"दोरी बांधू, मी घोड्यांनी ओढायला सांगतो," पाद्री म्हणाला.

"ओढून नेली तर स्वतःच्या चाकांवर कुठे झालं? मरेपर्यंत ऐकावं लागेल." तिने नाक पुसलं, आणि मग आमच्या मंडळींकडे बघायला लागली. एकेकाकडे, वरपासून खालपर्यंत, बाजारात मेंढा बघावा तसं. ब्यार्तमारवर तिची नजर जरा जास्तच थांबली.

"चढा," ती म्हणाली.

"काय?"

"वजन हवंय मला. वसंतापासून मतं दिलीत, आता अंग द्या."

"दगड भरू ना," ब्यार्तमार घाईघाईने म्हणाला.

"दगड मटणावर गडगडतील. आणि नदीत पडलात तर तुम्हाला पोहता येतं. रोज रान्वेगच्या तलावात डुंबता ना? विचारा तिला."

मी गळ्यातली शिट्टी काढली. सवयीने घातलीच होती. अशी फुंकली की पलीकडचा घोडासुद्धा दचकला. "चला! एकेक करून! पोती सरकवा! ब्यार्तमार, तू पुढे, माझी जागा घे!"

पाच जण चढले. मागे सीट नव्हती, ती त्यांनीच काढायला लावली होती. म्हणून तिघं बटाट्याच्या पोत्यांवर, मी मध्ये पातेल्याला मिठी मारून, आणि पाद्री मागच्या डिकीत, झाकण उघडं, पाय बाहेर, तोंड आलो त्या दिशेला. ब्यार्तमार स्टुलावर उभा राहिला आणि थांबला. चारचौघांत 'पाय ठेवणार नाही' म्हटलेला माणूस. त्याने कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड घासून गुळगुळीत केलेली, वर तोच आकाशी रंग, इतका बेमालूम की कारखान्यातून तशीच आली असं वाटावं.

"हे तू केलंस?" त्याने विचारलं.

"नाही, एयोल्फुरच्या आत्म्याने. चढतोस का आता?"

चढला. गाडी त्या बाजूला चांगली वीतभर दबली.

या वेळी चाकांनी तळ सोडला नाही. पाणी दाराच्या कडेपर्यंत आलं, गाडी एकदा हलकी झाल्यासारखी वाटली, तेव्हा सोलबोर्ग ओरडली, "जड व्हा!" आणि आम्ही सगळ्यांनी श्वास सोडून बूड खाली दाबलं. त्याने काय होतं डोंबल, पण दाबलं. डिकीतून पाद्री मोठ्याने स्तोत्र म्हणत होता, त्याला एकट्यालाच पुढे काय येतंय ते दिसत नव्हतं. मग पुढचं चाक गोट्यांवर लागलं, गाडी थडथडली, आणि आम्ही पाणी निथळत थोरग्रीमुरच्या घोड्यापुढे जाऊन उभे राहिलो.

थोरग्रीमुरने फोन खिशात टाकला. टोपी काढली.

"चाकं तुझीच आहेत," तो म्हणाला. "पण ही माणसं?"

"ही माझं सामान आहे," सोलबोर्ग म्हणाली.

गंमत पुढेच झाली. झोपडीवर पोचून उतरल्यावर ब्यार्तमारने विचारलं, "मग आम्हाला परत कधी सोडतेस?" सोलबोर्गने त्याच्याकडे बघितलंच नाही, ती चूल पेटवत होती. "आज सोडू? आणि मग मी नदीपार परत कशी येऊ वजनाशिवाय? शेवटी घरी जाताना तर पोतीही रिकामी असतील. पाच दिवस राहा आता. सलगम सोला." त्याने आधी घरच्या कामांची यादी सांगितली, मग गुडघ्याची तक्रार सांगितली, मग चाकू कुठे आहे ते विचारलं.

सात वाजता घोडेस्वार उतरणीवरून आले, अजून उजेड होता. बावीस स्वार, पाच जणांचं वजन आणि मी. झोपडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाला मीठ सापडेना, कुणाला वाडगा मिळेना, ब्यार्तमार गाडीच्या रंगाबद्दल कुणाशी तरी भांडत होता, या वेळी गाडीच्या बाजूने. "सोलबोर्ग, हे शिजलं का बघ!" "सोलबोर्ग, कॉफी कुठाय?" "अगं सोलबोर्ग, मी दुसऱ्यांदा घेऊ का?" चारी बाजूंनी नुसता तिच्या नावाचा गजर.

ती कुठे दिसेना म्हणून मी बाहेर आले. दाराशेजारी भिंतीला टेकून उभी होती, हातात पळी, एप्रनवर सूप सांडलेलं.

"अगं, सगळे तुला हाका मारतायत," मी म्हटलं. "जा ना आत!"

"जाते गं," ती म्हणाली. "अजून दोन-चार मारू देत."