गवती चहाचा काढा

मुलांनो, मागच्या रविवारी तुमच्यातल्या धाकटीनं फोनवर विचारलं, "आज्जी, खोकल्यावरचा तुझा तो काढा कसा करायचा?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. कृती मला पाठ आहे. पण तिच्यासोबत जे सांगायला हवं ते फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या सुमारास आम्ही सातपूरजवळच्या या घरात आलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी गवती चहाचा एक ठोंब दिला. तो मी मोरीचं पाणी जातं तिथं लावला. दोन वर्षांत कमरेइतका झाला. तुमचे आजोबा कारखान्यात ग्राइंडिंगवर होते, म्हणजे दिवसभर चाकावर लोखंड घासायचं, धुळीत. थंडीत त्यांना खोकला धरायचा. मी पाच-सहा पाती, आलं, चार मिरी आणि ज्येष्ठमधाची कांडी उकळून द्यायची. ते थर्मास भरून कामावर न्यायचे. "आमच्या घरीच डॉक्टरीणबाई आहेत," असं मित्रांना सांगायचे. मला ते आवडायचं.

एका वर्षी होळी झाली तरी खोकला गेला नाही. मी ज्येष्ठमध वाढवला. त्यानं घसा मऊ पडायचा, खोकला दबायचा, आणि दोघांनाही वाटायचं, उतार पडतोय. डॉक्टरांकडे जायचा विषय मी एकदाच काढला.

"अगं, तुझा काढा असताना तिथं रांगेत कशाला बसू?"

मी पुन्हा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं.

दिवाळीच्या आधी जिना चढताना ते मधेच बसले, तेव्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? मी नीट सांगितलं: मागच्या थंडीपासून, पहाटे जास्त, उताणं झोपलं की वाढतो.

"इतकं बघत होतात, मग आणलं का नाहीत?"

उत्तर आजोबांनीच दिलं. "मीच येत नव्हतो, साहेब. काढ्याची गोडी लागली होती."

फुप्फुसांत कारखान्यातली धूळ बसली होती. ते काम वेळेवर सुटलं असतं तर आणखी काही वर्षं मिळाली असती. त्यानंतर त्यांनी दोनच पावसाळे काढले.

ते गेल्यावर मी विळ्यानं सगळी पाती कापली. कुदळ मात्र घेतली नाही.

धाकटे, काढा जरूर कर. पण पंधरा दिवसांत खोकला गेला नाही तर पातेलं बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा.

मी आता गवती चहा वापरत नाही. कामाला येणाऱ्या बाई अधूनमधून दोन पाती नेतात. ठोंब मोरीमागे अजून आहे.