गाऱ्हाणं मी घातलं

आमच्या गावकीची सभा बाहेरच्या माणसाला कळायची नाही. बोलतात मराठीच, पण तिथे 'नाही' असं कुणी म्हणत नाही. 'बघू, देवाच्या मनात असेल तर' म्हणाले की समजायचं, विषय मेला. आधी कोण बोलणार, नुसतं खाकरणार कोण, सगळं ठरलेलं. बाईमाणसाने तोंड उघडायचं नाही, हेही ठरलेलंच. मी लहानपणापासून देवळाच्या पायरीवर बसून ही सभा ऐकत आले. तोंडाला बंदी होती, कानांना नव्हती.

वडील गेले त्या वर्षी, शिमग्याआधीच्या सभेत पालखी कुणाकुणाच्या घरी जाणार याची यादी वाचली. आमचं घर त्यात नव्हतं. घरात पुरुष नाही, मग पालखी घेणार कोण? मला भाऊ नाही. मी सावर्ड्याला नोकरी करते, सुट्टीला आईकडे येते. लग्न होऊन आली तेव्हापासून आईने दर शिमग्याला अंगणात देवाची ओटी भरली, आणि आता देवाने तिचं दार टाळून पुढे जायचं! माझं डोकंच फिरलं. मी उठले ती थेट सभामंडपात.

आमच्या गावकीचे थोरले मानकरी नात्याने माझे चुलत आजोबा. ते म्हणाले, "बाय, बायकांनी सभेत बोलायची पद्धत नाय आपल्यात."

"सभेत नाही बोलत, आजोबा. देवाशी बोलते."

मी देवाकडे तोंड करून हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. अगदी आजोबा सगळ्या गावाच्या वतीने देवाला घालतात तसं, खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून दोन-चार आवाज आले. जन्मभराची सवय. गाऱ्हाणं घालणारा थांबला की यांची तोंडं आपोआप उघडतात.

"काय चुकलंमाकलं असेल ते पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता निम्मी सभा.

"आणि माझ्या बापाच्या अंगणात दरसालाप्रमाणं पालखी येऊ दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात, आजोबा सगळ्यांत मोठ्याने.

मग एकमेकांची तोंडं बघत बसले. देवासमोर दिलेला होकार फिरवायचा नाही, हा नियम त्यांचाच.

"फसवलंस गो आमाला," आजोबा म्हणाले.

"तुमच्याच शब्दांत मागितलं. माझ्या शब्दांत तुम्ही ऐकलं असतंत?"

यादीत आमचं घर चढलं.

पालखी आली. आई ओटीचं ताट घेऊन रडत उभी. अंगणात पुढचा दांडा घरच्या पुरुषाने खांद्यावर घ्यायचा असतो. ढोल वाजत होते आणि आमच्यासाठी कुठला पुतण्या पुढे करायचा याची कुजबुज चालली होती. मी ओढणी कमरेला बांधली आणि दांड्याखाली गेले.

कुणीतरी माझा दंड धरला. वडिलांना शेवटचा खांदा द्यायला पुढे झाले होते, तेव्हाही असाच दंड धरून मला मागे नेलं होतं. तेव्हा मी गेले होते मागे. या वेळी हलले नाही.