जावयाने बसवलेला पंप

नाशिकहून निघताना मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, दशम्यांचा डबा हातात दिला आणि सांगितलं, "अण्णांना घेऊनच या. नुसती गाडी नको." मी हो म्हटलं आणि एसटीत बसलो. इगतपुरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की गाडी कशी आणायची हेही मला माहीत नव्हतं.

अण्णा माझे सासरे. वय शहात्तर. मूळचे मालवणकडचे, पण करी रोडच्या चाळीत पन्नास वर्षं काढलेली, त्यातली पस्तीस टॅक्सी चालवण्यात. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. आता चाळ पाडून नवी इमारत होणार होती आणि रविवारपर्यंत खोल्या, आवार, सगळं रिकामं करायचं होतं. मंदाचं म्हणणं, अण्णांनी कायमचं आमच्याकडे राहायला यावं. अण्णांचं म्हणणं, लेकीच्या घरी आठ दिवस पाहुणा, नवव्या दिवशी जावयाच्या डोक्याला ताप. त्यांनी शिवडीला एकट्यापुरती खोली बघूनही ठेवली होती. आठ दिवस येतो म्हणाले, तेही एका अटीवर. आवारात उभी असलेली त्यांची जुनी टॅक्सी, आता खासगी करून घेतलेली, स्वतःच्या इंजिनावर नाशिकला आली पाहिजे. क्रेनने उचलून भंगारात गेली, तर ते आठ दिवसही विसरायचे. आणि गाडीचा वॉटर पंप, इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारा, गेला होता.

गुरुवारी दादरला उतरून करी रोडला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दोन टॉवरच्या मध्ये चाळ अंग चोरून उभी होती. अर्ध्या खोल्यांना कुलपं. खाली आवारात गाडी, आणि तिच्या नाकाखाली गंजट पाण्याचं थारोळं. अण्णा शर्टाची बटणं लावत जिना उतरले.

"या, जावईबापू. प्रवास बरा झाला ना?"

"झाला. अण्णा, मेकॅनिक कोण येणार आहे?"

"बाहेरचा हात मी गाडीला लावू देत नाही. आणि माझे हे असे," म्हणून त्यांनी हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी म्हणालो, "मग मी करतो." मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. गाडी चालवता येते, पण यंत्राशी माझा संबंध स्कूटरचा प्लग पुसण्यापुरता. पण मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले होते आणि पंप बदलणं त्यात फार सोपं दिसत होतं.

मी बाह्या सरसावल्या आणि चाळीत बातमी पसरली. दळवीकाका, गिरणीतले जुने फिटर, गॅलरीतून ओरडले, "अण्णा, जावयाला गाडीखाली घालतोस? लाज वाटूक होयी." (वाटायला हवी.) शेजारच्या परबवहिनींनी माझ्यासाठी बोनेटशेजारी पाट आणि पाटावर उशी आणून ठेवली. पाठोपाठ आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. आंबोळी म्हणजे तांदूळ-उडदाचं जाळीदार धिरडं. हात काळे झालेले, म्हणून मी नको म्हटलं, तर वहिनींनी चमचा आणला. आमच्या नाशकात जावयाचा मान फार तर धोंड्याच्या महिन्यात. इथे तो पाना हातात असतानाही सुटेना.

सल्ले मात्र भरपूर. पाणी आधी काढा. पाणी काढू नका, पट्टा आधी सैल करा. दळवीकाका म्हणाले रेडिएटर सोडवा, परबवहिनी म्हणाल्या आधी नारळ फोडा. अण्णांना विचारावं तर ते म्हणणार, "तुम्ही म्हणाल तसं." मी खालचा पाइप ओढला आणि उरलंसुरलं पाणी थेट माझ्या बाहीत शिरलं. पुढे पंखा काढला, पट्टा काढला. पंपाची चकती हाताने हलवली तर हलणाऱ्या दातासारखी डगडगली. व्हिडिओतल्या गाडीत प्लग दाखवले होते, या इंजिनात ते कुठे दिसेनात. आत कुठेतरी असतील, असं मी मनाशी म्हटलं. दुपारपर्यंत पंप हातात आला आणि मला उगाचच फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी नवा पंप आणायला गिरगावात गेलो. ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. दोन दुकानांनी मान हलवली. तिसऱ्यात चष्मा कपाळावर ठेवलेले एक गृहस्थ होते. त्यांनी गाडीचं नावही विचारलं नाही.

"सॅम्पल?"

"म्हणजे?"

"जुना पंप आणलात का? तो बघून देतो."

तो ग्रीसने बरबटलेला, म्हणून मी चाळीतच ठेवला होता. त्याऐवजी मी आरसी बुक आणलं होतं. जुनं, कागदी, कडा झिजलेलं. पुस्तकावर माझा विश्वास, पोटच त्यावर चाललेलं. पहिलं पान उघडून मी त्यांच्यापुढे धरलं.

"साहेब, पुस्तकावरून पंप बसत नाही. सॅम्पल आणा."

"यात कंपनी, मॉडेल, साल, सगळं लिहिलंय," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

त्यांनी खांदे उडवले, माळ्यावरून एक खोका काढला, धूळ फुंकली आणि हातात दिला. मी विजयी मुद्रेने बाहेर पडलो, शेजारच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, वर पीयूष प्यायलो. करी रोडला परत आलो तेव्हा अर्धी चाळ खाली जमली होती.

मी खोका उघडून अण्णांपुढे धरला. "बरोबर आहे ना?"

अण्णांनी पंप हातात घेतला, फिरवला, दळवीकाकांकडे पाहिलं. दळवीकाका आभाळाकडे बघायला लागले. "तुम्ही आणलात म्हणजे बरोबरच असणार," अण्णा म्हणाले.

तो बसेना. एक भोक जुळवलं की बाकीची सरकायची. उलटा धरला, सुलटा धरला. तोंड इंजिनाच्या तोंडापेक्षा निम्म्याने लहान. दोन तास मी त्या पंपाशी झुंजलो आणि दोन तास चाळ अदबीने बघत राहिली. कोणी चकार शब्द काढला नाही. चहा मात्र तीनदा आला. मला वाटलं मीच काहीतरी उलटं धरतोय. मग वाटलं, इंजिनच वाकलंय. संध्याकाळी मंदाचा फोन आला तर मी म्हटलं, होतंय, होतंय. खरं तर माझा पार भुगा झाला होता.

शनिवारी सकाळी दोन्ही पंप आणि आरसी बुक पिशवीत टाकून मी शिवडीला गेलो. तिथे गोदामांच्या रांगेत ट्रक दुरुस्त होतात, एवढंच ऐकून होतो. एका शेडबाहेर बशीरभाई नावाचे म्हातारे मिस्त्री बसले होते. मी दोन्ही पंप त्यांच्यापुढे ठेवून सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी जुना पंप नुसता पाहिला आणि हसायला लागले.

"अरे वेड्या, हा डिझेल व्हॅनचा आहे. तू पेट्रोल गाडीचा घेऊन आलास."

"पण पुस्तकात..."

"आण इकडे." त्यांनी बुक घेतलं, अंगठा ओला केला आणि पान उलटलं. दुसऱ्या पानावर फिकट झालेला शिक्का होता. इंजिन बदलल्याची नोंद, डिझेल, नवा नंबर, सही. "मुंबईच्या जुन्या टॅक्सीत मूळ इंजिन शोधायला निघालास? सगळ्यांनी व्हॅनची डिझेल इंजिनं टाकली होती. शेंबडं पोर सांगेल."

पंचवीस वर्षं पुस्तकं सांभाळतोय आणि मी पान उलटलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मी पलीकडच्या खाडीच्या चिखलाकडे बघत बसलो. तिथे गुलाबी रोहित पक्षी माना खाली घालून उभे होते.

बशीरभाईंनी आतून बरोबर पंप आणला. पॅकिंग (पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा जाड कागद) तयार मिळणार नाही म्हणाले. मग पंपाच्या तोंडावर कागद ठेवला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने टकटक करत गेले. कात्री नाही, पेन्सिल नाही. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला गेला, भोकंसुद्धा. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात सुंदर कातरकाम ते.

करी रोडला येऊन मी अण्णांना खोलीत गाठलं. सामान बांधून झालेलं, भिंतीवर फोटोंचे पांढरे चौकोन.

"अण्णा, पंप चुकीचा आहे हे तुम्हाला काल दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि दळवीकाकांना?"

"त्यालाही."

"मग बोलला का नाहीत? मी दोन तास मरमर मेलो."

अण्णांनी ट्रंकेची कडी चाळवली. "जावयाला चारचौघांत चुकला कसं म्हणायचं? तुमचा अपमान झाला असता. मंदाला काय वाटलं असतं?"

मला राग आला आणि त्यापेक्षा वाईट वाटलं. या माणसाने गाडी भंगारात जाऊ दिली असती, पण माझी चूक दाखवली नसती. असा माणूस आमच्या घरी राहणार कसा? भाजीत मीठ कमी पडलं तरी गप्प जेवेल आणि आठ दिवस झाले की पिशवी उचलेल. मंदाचं मागणं किती अवघड होतं ते मला तेव्हा कळलं.

दुपारी पंप बसवला. या वेळी दळवीकाका शेजारी बसले आणि बोल्ट लांबीप्रमाणे एकेक हातात देत गेले. लहान बोल्टच्या जागी लांब गेला तर इंजिन फुटतं, हे त्यांनी मला कानात सांगितलं. पट्टा अंगठ्याने दाबून अर्धा इंच ढिला ठेवला. रविवारी सकाळी पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं. अण्णा तेव्हा वर शेवटचं कुलूप घालत होते. गाडी सुरू झाली, धुराचा लोट सोडून खडखडली, आणि परबवहिनींनी चाकाखाली नारळ फोडला. अण्णा सवयीने उजव्या दाराकडे गेले, थांबले आणि वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले. लालबाग मागे पडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

शहापूरपर्यंत सगळं ठीक होतं. कसारा घाटात अर्ध्यावर काटा लाल रेघेकडे सरकू लागला. मी घाबरून गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं. वाफ. काय करावं सुचेना. रेडिएटरमध्ये पाणी संपलं असेल म्हणून मी रुमाल घेऊन झाकणाला हात घातला.

फाडकन हातावर फटका बसला.

"हात काढ मेल्या, भाजान मरशीत." (भाजून मरशील.) अण्णांनी मला दंडाला धरून मागे खेचलं. "पाणी भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलंस का? नाही ना? आत हवा अडकली. अक्कल गहाण ठेवली होतीस काय?"

मग त्यांनी माझा दंड सोडला. आपण काय केलं ते त्यांना उमगलं असावं. चेहरा उतरला. "माफ करा, जावईबापू," पुटपुटले.

माझा हात झणझणत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. "अण्णा, हे तुम्ही शुक्रवारीच करायला हवं होतं," मी म्हणालो. मी घाटाच्या कठड्यावर बसलो. ते आधी बावरले, मग माझ्या शेजारी येऊन बसले. इंजिन निवेपर्यंत आम्ही उरलेल्या दशम्या खाल्ल्या. त्यांना वास येत होता, पण खाल्ल्या. मग त्यांनी सांगितलं तसं झाकण कधी काढायचं, पाणी कसं घालायचं, बुडबुडे थांबेपर्यंत कसं बघत बसायचं, सगळं केलं. मध्ये दोनदा ओरडा खाल्ला.

संध्याकाळी नाशिकला पोचलो. मंदाने आधी वडिलांना जवळ घेतलं, मग माझ्या कोपरापर्यंत काळ्या हातांकडे बघितलं.

हे लिहितोय तेव्हा आम्हाला येऊन किती दिवस झाले ते मला नेमकं माहीत आहे, मंदालाही. गेले काही दिवस आम्ही दोघं कॅलेंडरसमोरून जाताना बोलणं टाळत होतो. आज सकाळी अण्णा अंघोळ करून बाहेर आले तर मंदाचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. पिशवी कोपऱ्यात तशीच होती. अण्णा अंगणात गेले आणि गाडीखाली सतरंजी सरकवून आडवे झाले. पट्टा कुरकुरतो म्हणे, मी नीट ताणलेला नाही.

मी चपला घालून बाहेर गेलो. गाडीखालून एक थरथरता हात बाहेर आलेला होता.

"दहाचो पानो दी रे. खंय बघतंस?" (कुठे बघतोस?)

आज नववा दिवस होता. मी दहाचा पाना शोधून हातात दिला.