करकररावांची खुर्ची

आमच्या ह्यांना स्टुडिओत सगळे करकरराव म्हणतात. टीव्हीवर त्या शापित जहाजाची मालिका लागते ना, त्यातलं जहाज म्हणजे आमचे हे. जहाजावर कुणी खोटं बोललं की लाकूड करकरतं आणि कप्तान चमकून वळतो, असा तो शाप. पोरंटोरं त्या आवाजाने पांघरुणात शिरतात. आवाज निघतो आमच्या घरातल्या खिळखिळ्या लाकडी खुर्चीतून. हे ती स्टुडिओत नेतात, पडद्यावर नजर ठेवून तिची पाठ दाबतात, पाय तिरके करतात आणि जहाज कण्हतं. एरवी ती स्वयंपाकघरात असते, पण तिच्यावर बसायची कुणाची टाप नाही.

वर्षभर माझ्या जिवाला घोर लागला होता. ह्यांना ऐकू कमी येत होतं. दारावरची बेल वाजली तरी ढिम्म. विनोदावर हसायचे, पण आमची तोंडं बघून, जरा मागाहून. विचारलं की अंगावर यायचे, "माझ्या कानांना नावं ठेवतेस? अगं, त्यांच्यावरच घर चालतं!" तेच तर भय होतं. कॉम्प्युटरमधले तयार आवाज वापरायला स्टुडिओवाले टपूनच बसले होते, त्यांना कुणकुण लागली की संपलं. म्हणून मीही तोंड शिवून बसले.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले, तर सासूबाई खुशीत होत्या. "सुताराकडून खुर्ची ठाकठीक करून घेतली. खिळे ठोकले, सरस भरला. उद्या जहाज बुडायचंय, एवढा मोठा दिवस, आणि माझा लेक मोडकी खुर्ची घेऊन जाणार होय?"

मी कपाळावर हात मारला. खुर्ची हलवून पाहिली. हूं की चूं नाही.

तेवढ्यात हे आले आणि थेट तालमीला लागले. डोळे मिटून खुर्चीची पाठ दाबली. दाबत राहिले. आता भडकतील, आईला नको ते बोलतील, असं वाटलं. पण डोळे उघडून त्यांनी विचारलं, "ऐकलंस?"

"हो," मी म्हटलं. "छान कण्हलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "खोटं. सांधे जाम आहेत, हाताला कळतंय. ही वाजूच शकत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे माझ्या कानांचं तुला पक्कं ठाऊक आहे. आणि मी वेडा, माझ्याच घरात चोरासारखा वावरतोय."

ते त्याच खुर्चीवर मटकन बसले.

"बघ, कशी भक्कम झालीय!" सासूबाई म्हणाल्या.

मी पक्कड आणली. दोघांनी मिळून खिळे उपसले, सरस खरवडून काढला. ह्यांनी पुन्हा पाठ दाबली, यावेळी डोळे उघडे ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत. "आता?"

"जरा डावीकडे."

खुर्ची करकरली, खोल, थेट बुडत्या जहाजासारखी. माझ्या अंगावर काटा आला. तो बघून हे हसले.

"उद्या येशील? काचेपलीकडे उभी राहा. मी पडद्याकडे कमी, तुझ्याकडे जास्त बघेन."

"आणि पकडले गेलो तर?" पक्कड फडताळात ठेवता ठेवता मी विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. मला रागच आला. मग लक्षात आलं, मी पाठमोरी होते.

मी वळले आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "येईन."