मागच्या चोवीस भागांत

मँचेस्टरच्या मराठी मंडळात डॉ. चंद्रशेखर मुजुमदारांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. सारी हयात इस्पितळात रुग्णांना भूल देण्यात गेली, आणि आता दर गणेशोत्सवात नाटक करून ते प्रेक्षकांनाही भूल देतात, असं लोक म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी. नाटकाचं नाव 'ध्रुवयान'. वाट चुकलेलं एक अंतराळयान, त्यातली सात मराठी माणसं आणि खडखडे नावाचा यंत्रमानव. वर्षाला एक, असे चोवीस भाग डॉक्टरांनी एकहाती लिहिले होते. यान अजून काही घरी पोचलं नव्हतं.

दर वर्षी पडदा उघडण्याआधी डॉक्टर स्वतः पुढे येऊन मागच्या भागांत काय काय घडलं ते सांगत. सुरुवातीला हे पाच मिनिटांत आटपे. पण घटना वाढत गेल्या, एकही गाळायला डॉक्टरांचं मन होईना, आणि चोविसाव्या वर्षी निवेदन चाळीस मिनिटांवर गेलं. तोंडावर प्रखर दिवा असल्यामुळे त्यांना समोर नुसता अंधार दिसे. त्या अंधारात सगळं मँचेस्टर श्वास रोखून बसलंय, अशी त्यांची पक्की समजूत. बाहेर व्हरांड्यात त्यांची बायको सुनीती बटाटेवड्यांचं टेबल सांभाळायची. तिचे वडे पडदा उघडायच्या आत संपत, याचाही डॉक्टरांना कोण अभिमान!

पंचविसावं वर्ष आलं तसे मंडळाचे अध्यक्ष शशिकांत पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. पेढे बघूनच डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली.

"डॉक्टर, सिल्व्हर जुबिलीला ध्रुवयान रीलाँच करायचं म्हणतोय. एकदम फ्रेश स्टार्ट. आश्लेषा लिहिते म्हणाली."

"कोण, साकेतची मुलगी? अहो, ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते!"

"पण लिहिते ना. नवीन स्टुडंट्स येतात, त्यांना आधीचं काहीच माहीत नसतं. कमिटी म्हणते, या वर्षी रीकॅप नको."

रीकॅप नको! डॉक्टरांनी हातातला पेढा तसाच बशीत ठेवला.

आश्लेषा तेवीस वर्षांची, कुठल्याशा आयटी कंपनीत नोकरीला. मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं. मन मोकळं करून शिव्या तरी देता आल्या असत्या. पण तिनं दोनदा फोन केला, "काका, स्क्रिप्टबद्दल बोलायचं होतं," म्हणाली. डॉक्टरांनी दोन्ही वेळा मोतीबिंदूचं निमित्त सांगितलं. मग तालमींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊ लागले. पोरं ट्रॅमनं लांबलांबून येत होती, खिदळत होती, आणि इकडे डॉक्टरांचा जळफळाट होत होता. त्यांच्या तालमींना माणसं गुडघेदुखी सांगून दांडी मारत. आरतीला उभे असताना त्यांनी बाप्पाकडे चक्क मागणं मागितलं, की हिचं नाटक साफ पडू दे. सत्तरीच्या माणसाला शोभणारं नव्हे, पण मागितलं खरं.

बाप्पा पावला म्हणायचा. एका फोटोत डॉक्टरांना पुठ्ठ्याचं चौकोनी डोकं दिसलं, वर चहाची गाळणी खोचलेली. खडखडे! पण खडखडेला तर त्यांनी अकराव्या भागातच मारलं होतं. इंजिनाची आग विझवताना बिचारा जळून खाक झाला होता. एवढंही या पोरीला ठाऊक नाही? त्या दिवशी डॉक्टर पोटभर जेवले. प्रयोगानंतर प्रश्नोत्तरं होती. तिथं भर सभेत हिला उघडं पाडायचं, असं त्यांनी ठरवलं.

प्रयोगाच्या दिवशी ते मुद्दाम शाळेच्या हॉलमधल्या शेवटच्या रांगेत बसले. निवेदन नाही, प्रस्तावना नाही. दिवे लागले आणि यानातल्या एका पेटीतून एक मुलगी डोळे चोळत उठली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती ज्याला त्याला विचारत सुटली, आपण कुठे आहोत, तुम्ही कोण, आणि तिच्याबरोबर हॉललाही सगळं कळत गेलं. आता उठतील, मग उठतील, म्हणून डॉक्टर लोकांच्या पाठी मोजत राहिले. कोणी उठेना. शेवटी ते स्वतःच बाहेर आले.

व्हरांड्यात सुनीती एकटी बसली होती. समोर परातभर वडे जसेच्या तसे.

"हे काय, कोणी आलंच नाही?"

"अहो, नाटक चालू आहे ना आत."

"माझंही चालू असायचं की!"

सुनीतीनं परातीवरचं फडकं नीट केलं. काही बोलली नाही. पंचवीस वर्षं ती काय काय बोलली नव्हती, ते डॉक्टरांना तिथं उभ्याउभ्या कळलं. ते तडक आत गेले, आणि टाळ्या ओसरताच, माइकचीही वाट न बघता उभे राहिले.

"खडखडे मेलाय!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. शशिकांतनी हळूच शेजाऱ्याला विचारलं, "मेला होता? कधी?"

ते डॉक्टरांनी ऐकलं. तेरा वर्षं ते हे मरण दरसाल सांगत आले होते, दर वेळी तिथं थांबून डोळे पुसत.

"इलेव्हन्थ एपिसोडमध्ये," रंगमंचावरून आश्लेषा म्हणाली. "इंजिन रूममध्ये. माहिती आहे काका, मी नाइन होती तेव्हा. सगळे वडे खायला जायचे ना, पण मी नाही जायची. मी फ्रंट रोमध्ये बसून तुमचा पूर्ण रीकॅप ऐकायची. तुम्ही त्याला मारला तेव्हा मी घरी, स्टॉकपोर्ट येईपर्यंत रडली. तेव्हाच ठरवलं, कधीतरी मी लिहीन आणि त्याला परत आणीन. तेच विचारायला फोन केला होता मी. दोनदा."

डॉक्टर उभेच राहिले. हेवा काही गेला नव्हता. उलट आता तो त्यांना स्वतःलाच चावू लागला होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि एवढंच सुचलं.

"म्हणजे इतक्या वर्षांत तुला वडा मिळालाच नाही?"

"एकदाही नाही," आश्लेषा म्हणाली. "मी बाहेर यायची तोपर्यंत संपलेले असायचे."

डॉक्टर बाहेर गेले आणि परात घेऊन आले.